उलट टपाली : दुसऱ्यांसाठी विणणाऱ्यांच्या शंका

थंडी तोंडावर आली की माझ्या टपालाचा रंग बदलतो. एरवी नातवाच्या स्वेटरचा गळा बसत नाही, एक बाही लांब झाली, असली दुखणी असतात. आता मात्र पत्रांत रुग्णालयातली बाळं येतात, रात्रनिवाऱ्यातली माणसं येतात, वृद्धाश्रम येतात. यंदा एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचली: एवढं जीव लावून विणलं आणि घेणाऱ्यांनी नाकं मुरडली. म्हणून आज नमुने बाजूला ठेवते आणि तक्रारींनाच हात घालते. कुणाला थोडं लागलं तर लागू दे.

ताई, जवळच्या रुग्णालयात दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग आहे. त्यांच्यासाठी मी हौसेनं टोपडी विणून नेली. मऊसूत मोहेरची, वर गोंडे, हनुवटीखाली बांधायला सॅटिनच्या नाड्या. तिथल्या सिस्टरनं "छान आहेत हो" म्हटलं आणि त्यातली बरीचशी परत दिली. मन खट्टू झालं. काय चुकलं?

हौस चुकली नाही. धागा चुकला, गोंडा चुकला आणि नाडी तर फारच चुकली. सिस्टरनं ठेवून घेतली ती बहुधा तुमची सगळ्यांत साधी टोपडी असणार. आठवून बघा.

टोपडं तिथे कशाला लागतं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. मोठ्या माणसाच्या अंगाच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा दहाव्या हिश्श्याहून कमी असतो; नवजात बाळाच्या बाबतीत तो जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. त्यात बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं असलं तर कातडी पातळ, कातडीखाली चरबी नावापुरती. उघड्या डोक्यातून ऊब भराभर निघून जाते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून, कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. 'कांगारू मदर केअर' म्हणून ती पद्धत आता जगभर वापरतात. त्या वेळी बाळाच्या अंगावर काय असतं? लंगोट, टोपडं आणि मोजे. बस्स. तेव्हा तुमचं टोपडं तिथे औषधपाण्याच्या सामानात जमा होतं, आणि त्या सामानाचे नियम त्याला लागतात.

मोहेरचे तंतू सुटतात आणि बाळाच्या नाकातोंडात जातात. अंगोरा, केसाळ धागे, जरीचा धागा, सगळे त्याच कारणानं बाद. गोंड्यामुळे बाळाचं डोकं नीट टेकत नाही. नाडी गळ्याशी आवळू शकते. बटणं, मणी, टिकल्या, चिकटवलेली फुलं, काही म्हणजे काही नको. दोन रंगांची नक्षी घालत असाल तर विणकाम उलटं करून आतून बघा: मागे जे आडवे धागे लोंबतात त्यांत इवली बोटं अडकतात. टोपड्यात एक वेळ चालेल, मोज्यांत मुळीच नाही.

आता माप. एक किलोच्या आसपासच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २६ सेंमी असतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा ३४-३५. तुमच्या पत्रात मापाचा शब्दच नाही, त्यावरून मला शंका येते की सगळी टोपडी एकाच मापाची होती. काठाला दोन सुलट दोन उलट चांगलं चार बोटं विणा, म्हणजे ते ताणतं आणि दुमडताही येतं. टाके एक नंबर मोठ्या सुईवर घाला आणि मग नेहमीच्या सुईवर या. आवळ घातलेल्या टाक्यांचा वळ त्या कपाळावर लगेच उठतो. गोल सुईवर विणता येत असेल तर उत्तम, शिवणीचा प्रश्नच मिटतो. झालं की बिनवासाच्या साबणानं धुवा, खडखडीत वाळवा आणि पिशवी बंद करून द्या. घरात मांजर असेल किंवा कुणी सिगारेट ओढत असेल तर दोनदा धुवा; आपल्या नाकाला तो वास येईनासा झालेला असतो.

आणखी एक. पिशवीत चिठ्ठी घाला, की बाळ घरी गेल्यावर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर झोपताना टोपडं काढायचं. रुग्णालयात बाळावर सतत नजर असते. घरी टोपडं सरकून नाकावर येऊ शकतं, आणि अंगातली जादा उष्णता बाळ बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं.

पुन्हा जा त्या सिस्टरकडे. कुठलं माप कमी पडतंय एवढंच विचारा. बहुतेक ती सगळ्यांत लहान माप सांगेल, कारण ते विणायला कंटाळा येतो आणि कुणी विणत नाही.

आमच्या महिला मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, द्यायचं तर शुद्ध लोकरीचंच द्यावं, अ‍ॅक्रिलिक देणं म्हणजे टाकाऊ देणं. दुसरा म्हणतो, अ‍ॅक्रिलिकच बरं. तुमचं मत?

"टाकाऊ" म्हणणाऱ्या बाईंना एकच विचारा: ही वस्तू धुणार कोण, आणि कशात?

निवाऱ्यात किंवा आश्रमात सगळ्यांचे कपडे एकाच यंत्रात, गरम पाण्यात पडतात. तिथे कुणी तुमचा स्वेटर वेगळा काढून कोमट पाण्यात हलक्या हातानं पिळणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही चूक. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, वस्तू आटते, घट्ट होते, आणि ते आटणं परत फिरत नाही. मोठ्या माणसाचा स्वेटर एका धुण्यात शाळकरी पोराच्या मापाचा होतो. 'सुपरवॉश' लिहिलेल्या लोकरीचे हे खवले प्रक्रिया करून झिजवलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती यंत्रात टिकते. पण ती सगळ्यांना परवडेलच असं नाही. अ‍ॅक्रिलिक यंत्रात धुता येतं, लवकर वाळतं, त्याला कसर लागत नाही, अंगाला चावत नाही. आश्रम, वसतिगृह, रुग्णालय यांच्यासाठी मी डोळे झाकून अ‍ॅक्रिलिक घेते. फक्त त्याच्यावर इस्त्री फिरवू नका. एकदा गरम इस्त्री लागली की धागा लुळा पडतो आणि पुन्हा फुलत नाही.

पण उघड्यावर, शेकोटीच्या कडेला रात्र काढणाऱ्या माणसासाठी विणत असाल तर मी लगेच पक्ष बदलते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. तिला पेटायला ५७० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचे थेंब कातडीला चिकटतात. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दवात झोपणाऱ्याला याचा अर्थ चांगला कळतो. सुती धागा मात्र तिथे अजिबात नको, तो पाणी धरून बसतो आणि अंग गार करतो.

म्हणजे तुमच्या मंडळातले दोन्ही तट बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताहेत आणि त्या माणसांना कुणी विचारलेलं नाही. वस्तूला धागा कोणता आणि धुवायचं कसं हे लिहिलेली चिठ्ठी टाचा. ती नसली की घेणारे धोका पत्करत नाहीत आणि चांगली लोकर कपाटात पडून राहते.

मी क्रोशे करते, नणंद सुयांवर विणते. ती म्हणते, क्रोशेला नुसती भोकं, त्यात ऊब कुठून येणार? निकाल द्या.

नणंद-भावजयांच्या मध्ये पडू नये, पण विचारलंच आहे तर ऐका. ऊब धाग्यात अडकून राहिलेल्या हवेची असते. वारा आला की जाळीतली हवा पळते, म्हणून लांब खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, जाळीदार शाल घरात बरी, उघड्यावर कुचकामी. तेच क्रोशे मुक्या खांबांत, म्हणजे आखूड टाक्यांत, घातलं तर सुयांवरच्या साध्या विणीपेक्षा जाड आणि दाट होतं. पण ते ताणत नाही. म्हणून टोपी, मोजे, हातमोजे नणंदबाईंकडे. पांघरुणं तुमच्याकडे, ती क्रोशेवर भराभर वाढतात आणि हातात एकच टाका असल्यामुळे काम कुठेही टाकून उठता येतं. लोकर मात्र तुम्हाला जास्त लागणार, ती आधीच मोजून आणा.

आणि नणंदबाईंना सांगा, हातमोज्यांना पाच बोटं काढत बसू नका. चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा ठेवला की बोटं एकमेकांना तापवतात आणि विणायला वेळही निम्मा लागतो. हातानं काम करणाऱ्यांसाठी मात्र बोटं अर्धी उघडी ठेवावीत, नाहीतर ते मोजे पहिल्याच दिवशी खिशात जातात.

पेंग्विनसाठी स्वेटर विणून पाठवा, असा निरोप पुन्हा मोबाइलवर फिरतोय. विणू का?

नको. गोष्ट खरी आहे, पण जुनी. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटाजवळ २००१ मध्ये समुद्रात तेल सांडलं, ४३८ छोटे पेंग्विन त्यात सापडले. तेल लागलेलं पाखरू चोचीनं पिसं साफ करू लागतं आणि ते तेल पोटात जातं. धुऊन काढेपर्यंत त्याला अडवायला ते स्वेटर घालत. बहुतेक पेंग्विन वाचलेही. मग जगभरातून स्वेटर येत राहिले, इतके की जास्तीचे खेळण्यातल्या पेंग्विनना घालून विकावे लागले. निरोप गोड असला की तो कधीचा आहे हे कुणी बघत नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाच्या निवाऱ्याचा निरोप कुणी फिरवत नाही, कारण तिथल्या माणसांचे फोटो तितके गोजिरवाणे येत नाहीत.

मैत्रिणीची केमोथेरपी सुरू होतेय. तिच्यासाठी टोपी विणायची आहे. कशी असावी?

सगळ्याच केमोत केस जातात असं नाही, पण जात असतील तर साधारण सुरुवातीनंतर दोन ते चार आठवड्यांत जायला लागतात, तेव्हा हातात वेळ आहे. टाळू त्या काळात हुळहुळी होते. एरवी न चावणारी लोकरही चावते. मऊ सुती किंवा सुती-बांबू मिश्र धागा घ्या आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ घासून बघा. शिवण नको, असलीच तर ती बाहेरच्या बाजूला. कान आणि मानेचा मागचा भाग झाकला गेला पाहिजे, केस नसताना थंडी तिथेच लागते. मोठ्या बाईचं डोकं साधारण ५५ सेंमी असतं. आधी असलेली केसांची जाडी आता नसणार, हे धरून माप घ्या. एक पातळ, झोपताना घालायला. एक जरा जाड, बाहेर जायला. रंग तिला विचारा. न विचारता गुलाबी नको.

निवृत्तीनंतर मी विणकाम शिकलो. बाकीचे पुरुष हसतात, हसोत. मफलर पुष्कळ झाले, आता मोजे विणून रात्रनिवाऱ्याला द्यावेत म्हणतो. पण मोजे कुणी घेतं का?

हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मोजे जरूर विणा. मफलर सगळेच देतात, कारण तो सगळ्यांना जमतो. दिवसभर पायांवर असणाऱ्या आणि रात्री जोडे उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाचे मोजे सगळ्यांत आधी संपतात.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय सतत ओल्यात राहून सडायचे. त्यावर कोरडे मोजे वरचेवर बदलणं हा मोठा इलाज होता, आणि घराघरांतून बायका, पोरं, म्हातारे मोजे विणत होते. अंगठ्याकडची जाड शिवण बोटांना घासते आणि चालणाऱ्याचा पाय फोडते. ती शिवण न येऊ देता दोन्ही सुयांवरचे टाके दाभणानं सपाट जोडायचे, त्या जोडाला आजही ब्रिटनच्या तेव्हाच्या युद्धमंत्र्यांच्या नावानं 'किचनर' म्हणतात. तो जोड शिकून घ्या. पहिल्यांदा डोकं फिरेल, मग हाताला वळण पडतं.

धागा नुसता लोकरीचा नको, टाच लगेच झिजते. त्यात २० ते २५ टक्के नायलॉन असलेला, मोज्यांसाठी म्हणून मिळतो तो घ्या. विणीचा घेर पायाच्या घेरापेक्षा दहावा हिस्सा कमी ठेवा, म्हणजे मोजा गोळा होत नाही. रंग गडद. आणि दोन्ही मोजे एकमेकांना टाका मारून द्या, नाहीतर ढिगाऱ्यात जोड्या फुटतात आणि एकेकटा मोजा कुणी उचलत नाही.

वृद्धाश्रमातल्या एका आजींसाठी कित्येक रात्री जागून शाल विणली. नक्षीदार, लांब झालर असलेली. परवा गेले तर त्या शालीची घडी करून त्यांनी पाठीशी उशीसारखी घेतली होती. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सांगावं का?

सांगू नका.

पाठ दुखत असेल. उशी मागायची भीड वाटत असेल. तुमची शाल त्यांनी सगळ्यांत जास्त गरज होती तिथे लावली आहे. एकदा दिलं की त्याचं काय करायचं हे त्यांनी ठरवायचं. पांघरतील, उशी करतील, नातीला देतील. दिलेल्या वस्तूची हजेरी घ्यायला जायचं नसतं. कळवळ्यानं लिहिलंय तुम्ही, तरी मी हे कडक शब्दांत लिहितेय, कारण असं पत्र दर वर्षी येतं आणि दर वर्षी त्यात विणणाऱ्याचे कष्ट असतात, आजींचं दुखणं नसतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शालीबद्दल थोडं सांगते. बसून राहणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून शाल घसरते आणि ती उचलायला वाकता येत नाही. चाकाच्या खुर्चीत लांब झालर चाकात जाते. त्यापेक्षा मांडीवर घ्यायचं पांघरूण विणा, ९० सेंमी चौरस, झालर नको, कडेला दोन खिसे, त्यात चष्मा आणि रुमाल राहतो. अंगात घालायचं काही करायचं तर पुढून उघडं करा, खांदे आखडले की डोक्यावरून घालायचे स्वेटर घालता येत नाहीत. बटणं मोठी, काजी सैल. जाळीच्या नक्षीत बोटं अडकतात, तीही टाळा. पुढच्या खेपेला आधी आजींजवळ बसून विचारा, की थंडी कुठे वाजते. गुडघे म्हणाल्या तर शालीचा काय उपयोग?

आजी, मी सहावीत आहे. मला फक्त सुलट टाका येतो. मला पण गरजू मुलांसाठी काहीतरी करायचं आहे. पण माझं विणलेलं वाकडं होतं.

सुलट टाका येतो म्हणजे पांघरूण येतं. अख्खं एकटीनं करायचं नाही. १५ सेंमीच्या चौकोनी पट्ट्या कर. सहा रांगांत आठ-आठ अशा ४८ पट्ट्या जोडल्या की ९० बाय १२० सेंमीचं पांघरूण होतं, लहान मुलाला पुरेसं. वर्गातल्या मैत्रिणी घे सोबत, आणि मित्रांनाही शिकव.

वाकडं होतं त्याला उपाय आहे. सरळ विणू नकोस, कोपऱ्यातून सुरू कर. तीन टाके घाल. सगळ्या ओळी सुलट. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढव. त्रिकोण मोठा होत जाईल. त्याची तिरकी कड १५ सेंमी झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एक-एक कमी कर, पुन्हा तीन उरेपर्यंत, आणि बंद कर. तुझा हात घट्ट असो की मैत्रिणीचा सैल, पट्टी चौकोनीच होते, कारण टाके मोजायचे नाहीत, मोजपट्टीनं कड मोजायची. सगळ्यांनी एकाच जाडीचा धागा घ्या, रंग कुठलेही चालतील. सुरुवातीचा आणि शेवटचा धागा वीतभर लांब ठेवा, कापून टाकू नका. पट्ट्या जोडणाऱ्याला तोच शिवायला लागतो.